सई: साई नव्हे, फूल नव्हे आणि सतीही नव्हे

प्रश्न असा आहे: 'मुलीचं नाव सई ठेवायचं चाललंय. एका संकेतस्थळावर अर्थ "साईबाबांची कृपा" दिलाय, दुसऱ्यावर "एक सुगंधी फूल". नात्यातले एक अभ्यासू गृहस्थ म्हणतात, सई म्हणजे सती. खरं काय? आणि या नावाच्या मुली स्वभावाने कशा असतात?'

साईचं आधी मिटवू. साई हा शब्द स्वामीपासून आला. स्वामीचं प्राकृतात, म्हणजे संस्कृत आणि मराठी यांच्या मधल्या टप्प्यावरच्या भाषेत, सामि झालं, पुढे सांई आणि मग साई. सईशी त्याचा काडीचा संबंध नाही. गोंधळ झाला तो रोमन लिपीमुळे. एस-ए-आय लिहिलं की सई आणि साई एकच दिसतात, मग हजेरी घेताना मुलीला 'साई' म्हणून पुकारलं जातं. हे ऐकून कान किटले आहेत. देवनागरीत स्वच्छ दोन अक्षरांचं नाव, आणि महाराष्ट्रातल्या शाळेत ते परक्या लिपीच्या आधाराने वाचावं, याचा खरोखर राग येतो.

फुलाचा अर्थ जाई-जुईच्या यमकातून सुचलेला दिसतो. सई नावाचं फूल नाही. पण जुई हातात आलीच आहे तर सोडू नका, कारण सगळं गुपित तिच्यात आहे.

सई म्हणजे सखी, मैत्रीण. संस्कृत सखी, महाराष्ट्री प्राकृतात सही, मराठीत सई. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ख, घ, थ, ध, भ या अक्षरांचा प्राकृतात ह होतो. मुखाचं मुह, मेघाचा मेह, बधिराचा बहिर आणि त्यावरून आपला बहिरा. लिख् धातूचा ख असाच गेला म्हणून आपण 'लिहितो'. हिंदीने हा ह बऱ्याच ठिकाणी जपला, म्हणून तिकडे सहेली आहे. मराठीने तो काही शब्दांत गाळूनच टाकला. साधूचा साहू झाला आणि साहूचा साव, तोच आपला चोर-साव जोडीतला साव. आता जुई बघा. संस्कृत यूथिका, प्राकृत जूहिआ, हिंदीत जूही, मराठीत जुई! जूहीची जुई झाली, अगदी तशीच सहीची सई झाली. अर्थाने सई फूल नसली तरी घडणीने जुईची सख्खी बहीण आहे. मला तर ही जोडी मराठी ध्वनिविचारातली सगळ्यात सुंदर जोडी वाटते.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला गाथासप्तशती हा कवितासंग्रह महाराष्ट्री प्राकृतात आहे. त्यात बाई मनातलं बोलते ते मैत्रिणीपाशी, आणि तिला हाक मारते 'सहि'. जात्यावरच्या ओवीत 'सये' म्हणून हाक येते ती हीच.

आता अभ्यासू गृहस्थांचं सतीप्रकरण. त्यांच्या बोलण्यात तथ्याचा एक कण आहे, आणि तेवढ्यावरच ते थांबले ही अडचण आहे. प्राकृतात सतीचंही रूप सई होतं, कारण मधला त गळतो. जातीची जाई झाली ती याच नियमाने. गाथांमध्ये असतीला, म्हणजे सती नसलेल्या बाईला, 'असई' म्हटलेलंही आहे. पण मग शचीचं रूपही सई होतं. इंद्राच्या राणीवर हक्क का सांगत नाही? नुसता ध्वनी जुळला की व्युत्पत्ती सिद्ध झाली, ही सवय वाईट. शब्द वापरला कसा गेला ते बघायला हवं. मराठीने सती हा शब्द सतीच ठेवला, त्याची सई करून कोणी बोललं नाही. 'अगं सये' या हाकेत पातिव्रत्याचा मागमूस नाही, आहे ती फक्त जवळीक. आणि पुरावा महाराष्ट्राबाहेरही आहे. बंगालीत सखीचंच 'सइ' झालंय, उच्चार शोइ. दोन मुलींनी जाहीरपणे मैत्रीचं नातं जोडणं याला तिथे 'सइ पातानो' म्हणतात. तिथे सती कुठून आणणार?

नाव म्हणून सईचा थोर दाखला अर्थात सईबाईंचा. फलटणच्या निंबाळकरांची लेक, शिवाजी महाराजांची पहिली पत्नी, संभाजीराजांची आई. 1659 साली राजगडावर त्यांचा अंत झाला. त्यांच्या थोरल्या लेकीचं नाव सखुबाई, काही ठिकाणी सकवारबाई असंही येतं. सखूत सखीचा ख शाबूत आहे, सईत तो झिजून गेलाय. एका घरात माय आणि लेक, दोघी एकाच शब्दाची दोन रूपं! हा योगायोग असेल, पण इतिहासाच्या पुस्तकांत याकडे कोणी बोट दाखवत नाही याची हळहळ वाटते. माझं तर ठाम मत आहे की सई, आक्का, ताई ही सगळी आधी हाक मारण्याची नाती होती, आणि हाक तोंडात बसली की तिचंच नाव झालं. ठमी-चिमीसारखं लाडाचं नाव वेगळं आणि हे वेगळं. यात समोरचीशी आपलं नातं सांगितलेलं असतं.

राहिला स्वभाव. 'स म्हणजे कुंभ रास, म्हणून मुलगी अबोल आणि हट्टी' अशी वाक्यं संकेतस्थळांवर छापलेली असतात. अवकहडा चक्रात, म्हणजे नक्षत्रावरून नावाचं आद्याक्षर सांगणाऱ्या तक्त्यात, कुंभेतल्या शततारका नक्षत्राला गो, सा, सी, सू ही अक्षरं आहेत हे खरं. पण तिथे जन्मनक्षत्राच्या चरणावरून अक्षर काढतात. चारचौघांसारखं आवडलं म्हणून ठेवलेल्या नावावरून उलट्या दिशेने रास आणि राशीवरून स्वभाव काढणं त्या पद्धतीतही बसत नाही. मुलगी अबोल निघेल की बडबडी, हे नाव ठरवत नाही.

लिहिताना 'सई' असंच लिहा, शेवटचा ई दीर्घ. 'सयी' नको. आणि रोमन लिपीत लिहावं लागेल तिथे शेवटी दोन ई घाला, म्हणजे निदान साई म्हणून हाक मारणाऱ्याला क्षणभर थांबावं लागेल.