एकेक वचन शिकवू लागताना

प्रिय बंधू,

मंडळीत बायबलचे एकेक वचन घेऊन शिकवण्याचा तुमचा निश्चय फार चांगला आहे. मात्र आरंभ प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाने करू नका, प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेले पत्र घ्या. त्यात 4 अध्याय आणि 104 वचने आहेत.

शिकवण्यापूर्वी संपूर्ण पत्र एका बैठकीत, आणि तेही अनेकदा, वाचा. वचनांचे आकडे पौलाने घातलेले नाहीत. आज प्रचलित असलेले नव्या करारातील आकडे 1551 मध्ये रॉबेर एतिएन या मुद्रकाने दिले, त्यामुळे विचार आकड्यापाशी संपतोच असे नाही. नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. चौथ्या अध्यायातील तेरावे वचन, म्हणजे मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो हे वचन, परीक्षेतील किंवा व्यवसायातील यशाचे आश्वासन म्हणून सांगितले जाते. पण अकराव्या वचनापासून वाचल्यास, बंदिवासातील पौल विपुलतेत आणि उपासमारीत सारखेच समाधानी राहण्याविषयी बोलत आहे हे स्पष्ट दिसते, आणि हा अर्थ दुःखी श्रोत्याला कितीतरी अधिक धीर देतो.

आणखी दोन गोष्टी पाळा:

- भाष्यग्रंथ शेवटी उघडा. कोण, कोणाला आणि कशासाठी लिहितो आहे, हे आधी स्वतः लिहून काढा.
- अर्थ पुरता समजावल्याशिवाय जीवनातील उपयोगाकडे वळू नका.

मूळ ग्रीक भाषेचा अभ्यास सध्या बाजूला ठेवा. पहिल्या बैठकीसाठी पहिल्या अध्यायातील अकरा वचने पुरेशी आहेत, आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नसेल, तर ते पुढच्या आठवड्यात देईन असे मोकळेपणाने सांगा.