पावसाळ्यात नेटवर्कचा नकाशा रोज बदलतो, त्यातला खरा बदल ओळखायचा कसा?

तुमची नकाशा काढणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) बिघडलेली नाही. तुम्ही लिहिलंय की गुहागरजवळच्या कॉलेजचं नेटवर्क मे महिन्यात तुमच्याकडे आलं, आधीच्या माणसाने काहीच लिहून ठेवलं नव्हतं, म्हणून स्विचना (केबलने कॉम्प्युटर एकमेकांना जोडणाऱ्या डब्यांना) विचारून आपोआप नकाशा काढायची सोय केलीत. आणि पाऊस लागल्यापासून रोज सकाळी नकाशा निराळा: कधी ग्रंथालयाची इमारतच गायब, कधी एकाच स्विचचे दोन. मी रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशीच नेटवर्कं सांभाळतो, आणि हे दुखणं ओळखीचं आहे. 'आत्ता दिसलं नाही' आणि 'आता तिथे नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमची स्क्रिप्ट त्या एकच धरते.

स्विच शेजाऱ्याला आपलं नाव आणि पोर्ट (केबल लावायचं भोक) कळवतो तो एलएलडीपीने, म्हणजे शेजाऱ्यांना ओळख सांगायच्या ठरलेल्या पद्धतीने, साधारण दर 30 सेकंदांनी. शेजारी ती नोंद 120 सेकंद धरून ठेवतो. कुठल्या पोर्टवर कुठलं उपकरण आहे हे सांगणारं मॅक पत्त्यांचं (उपकरणांच्या हार्डवेअर क्रमांकांचं) टेबल बहुतेक स्विचमध्ये 300 सेकंदांनी जुन्या नोंदी टाकून देतं. म्हणजे स्विचला विचारून जे मिळतं ते गेल्या पाचेक मिनिटांचं चित्र. रात्री लाइट गेली, यूपीएस बसला आणि नेमकी तेव्हाच स्क्रिप्ट चालली, तर ग्रंथालय नकाशावरून पुसलं जाणारच.

म्हणून नकाशा साठवू नका, नोंदी साठवा. प्रत्येक जोडणीची एक ओळ: या टोकाचा स्विच व पोर्ट, त्या टोकाचा स्विच व पोर्ट, पहिल्यांदा कधी दिसली, शेवटची कधी दिसली, आणि कशावरून कळली. ओळ पुसायची नाही. ती 'संपली' असं तेव्हाच लिहायचं, जेव्हा त्याच पोर्टवर दुसराच शेजारी बोलू लागतो किंवा तोच स्विच दुसऱ्या पोर्टवर सापडतो. नुसती शांतता असेल तर 'माहीत नाही' लिहा, आणि वाटेतला वरचा स्विचच गप्प असेल तर त्याच्या पलीकडच्या कशाबद्दलही निष्कर्ष काढू नका. नकाशा या नोंदींवरून हवा तेव्हा, हव्या त्या तारखेचा काढता येतो.

गप्प झालेला स्विच परत बोलू लागला की त्याला पहिला प्रश्न विचारायचा: तू किती वेळ चालू आहेस? एसएनएमपीमध्ये (नेटवर्कच्या उपकरणांना लांबून माहिती विचारायच्या पद्धतीत) त्याला सिसअपटाइम म्हणतात. समजा ग्रंथालयाचा स्विच रात्री दोन ते चार गप्प होता. चार वाजून दहा मिनिटांनी त्याने 'नऊ मिनिटं' सांगितलं, तर लाइट गेली होती, वायरमनला फोन. त्याने 'वीस दिवस' सांगितलं, तर तो रात्रभर चालूच होता आणि मधली वाट तुटली होती. मग केबल, फायबरचा जोड नाहीतर मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा डबा) बघायचा. भर पावसात कुठल्या इमारतीत आधी जायचं हे या एका आकड्यावर ठरतं. एवढंच की हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतात आणि सुमारे 497 दिवसांनी तो पुन्हा शून्यावर येतो.

एका स्विचचे दोन दिसतात, कारण बहुधा तुम्ही ओळख आयपीवरून (नेटवर्कमधल्या बदलू शकणाऱ्या पत्त्यावरून) धरली आहे. लाइट आल्यावर डीएचसीपीने (आपोआप आयपी वाटणाऱ्या सोयीने) वेगळा आयपी दिला की नकाशात नवा स्विच जन्मतो. ओळख चॅसिस आयडीवरून (एलएलडीपीत स्विच आपली म्हणून सांगतो त्या ओळखीवरून) किंवा सिरियल नंबरवरून धरा. पोर्टचंही तसंच: काही स्विच रीबूट झाल्यावर इफइंडेक्सचे (एसएनएमपीत पोर्टांना दिलेले) क्रमांक बदलतात, मग सगळ्या जोडण्या हलल्यासारख्या वाटतात. पोर्ट नावाने साठवा. आणि वेळ तुमच्या सर्व्हरची लिहा, स्विचची नको. स्वस्त स्विचचं घड्याळ लाइट गेली की मागे जातं.

आता नकाशात न दिसणारी उपकरणं. स्टाफरूममध्ये टेबलाखाली ठेवलेला आठ पोर्टांचा साधा स्विच एलएलडीपी बोलत नाही. पण एका पोर्टवर शेजारी कोणीच नाही आणि मॅक पत्ते मात्र दहा-बारा, असं दिसलं की तिथे असा स्विच किंवा वायफायचा डबा आहे असं समजा आणि नकाशावर 'अज्ञात' म्हणून चौकोन काढा. यातले काही डबे एलएलडीपीचे संदेश अडवायचे सोडून पुढे जाऊ देतात. मग एकाच पोर्टवर दोन-तीन शेजारी दिसतात. तिथेही मध्ये काहीतरी आहे. मॅक टेबल वाचण्याआधी सगळ्या आयपी पत्त्यांवर एकदा पिंग ('आहेस का?' अशी हाक) फिरवा, म्हणजे गप्प बसलेले प्रिंटरही नोंदीत येतात. फोन मोजू नका, ते हल्ली मॅक पत्ता खोटा देतात.

माझी कळकळीची विनंती: प्रत्येक जोडणीबरोबर तिचा वेगही नोंदवा. गिगाबिटला केबलच्या चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोनच पुरतात. खाऱ्या हवेत आरजे 45 च्या (केबलच्या टोकाच्या प्लगच्या) पिना हिरव्या पडतात, एखादी जोडी जाते, आणि लिंक मुकाट्याने 1000 वरून 100 वर येते. नकाशात रेघ जशीच्या तशी राहते, 'नेट स्लो आहे' ही तक्रार मात्र महिनाभर चालते. वेगाचा इतिहास असेल तर ती लिंक कुठल्या दिवशी घसरली ते लगेच सापडतं. अशी केबल दोन इमारतींच्या मध्ये असेल तर पुन्हा तांब्याची टाकू नका, फायबर टाका. विजांचाही प्रश्न सुटतो.

हे सगळं हाताने लिहायची गरज नाही, त्यासाठी तयार सॉफ्टवेअर आहेत. नेटडिस्को प्रत्येक मॅक पत्ता कुठल्या पोर्टवर पहिल्यांदा आणि शेवटचा कधी दिसला हे ठेवतं, लिब्रेएनएमएस आलेख देतं. एसएनएमपी मात्र तिसऱ्या आवृत्तीचं, फक्त वाचण्यापुरतं, आणि तुमच्या सर्व्हरच्या आयपीपुरतंच उघडा.

यंदाचा मे गेला. पुढच्या वर्षी मृगाच्या आधी, सगळं धड चालू असताना, पूर्ण नकाशाची एक प्रत बाजूला काढून ठेवा आणि दिवाळीत तिच्याशी ताडून बघा. सध्या ग्रंथालयाच्या स्विचचं मॉडेल आणि एका रात्रीच्या नोंदी इथे टाका. सिसअपटाइम वाचता येतो का आणि पोर्टांची नावं टिकतात का ते बघून सांगतो.