वाचकांचे प्रश्न : हिवाळ्यात पैसा रिमवर नको, रबरावर घाला

ऑक्टोबर लागला की जर्मनी, ऑस्ट्रिया आणि कॅनडातल्या मराठी वाचकांच्या पत्रांत एकच विषय येतो: हिवाळी टायर. यंदाची बरीच पत्रं दमदार इंजिनाच्या, जमिनीलगत बसलेल्या गाड्यांच्या मालकांची आहेत. या गाड्यांना दुकानातून येताना पातळ, रुंद उन्हाळी टायर असतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

प्रश्न (स्टुटगार्ट): सेकंडहँड फोक्सवॅगन गोल्फ ७ जीटीआय घेतली आहे. तिला १९ इंची अलॉय आणि २२५/३५ आर१९ टायर आहेत. दुकानदार हिवाळ्यासाठी १७ इंची चाकं सुचवतो, पण ती फार लहान दिसतील असं वाटतं. १८ घेतली तर चालतील का? आणि रिम घेताना नेमकं काय तपासायचं?

उत्तर: दुकानदाराचं ऐका, १७ घ्या. ही गाडी जर्मनीत मुळात १७ इंची चाकांवरच मिळायची, २२५/४५ आर१७ टायरसकट. १८ आणि १९ हे जादा पैसे मोजून घ्यायचे पर्याय होते. म्हणजे तिच्या पुढच्या मोठ्या ब्रेकवर १७ इंची रिम बसते, फक्त रिमची आतली घडण त्या ब्रेकसाठी मान्य असायला हवी. १६ मात्र नको, तिथे कॅलिपर (ब्रेकची डिस्क पकडणारा चिमटा) अडू शकतो.

मापातला पहिला आकडा म्हणजे टायरची मिलिमीटरमधली रुंदी. दुसरा सांगतो की टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे. २२५ चे ३५ टक्के म्हणजे साधारण ७९ मिलिमीटर आणि ४५ टक्के म्हणजे १०१. हे जास्तीचे २२ मिलिमीटर रबर तुमची रिम वाचवतं. हिवाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, फुटपाथची कड बर्फाखाली असते. ७९ मिलिमीटरच्या टायरला असा दणका बसला की भिंत रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते, आतले धागे तुटतात आणि दोन दिवसांनी टायरच्या अंगावर फुगवटा दिसतो. तो टायर मग फेकायचाच. चाकाचा एकूण व्यास ६४० वरून ६३४ मिलिमीटरवर येतो. फरक एक टक्क्याच्या आत आहे, त्यामुळे स्पीडोमीटरची चिंता नको.

१८ वर २२५/४० घेणं चूक नाही. सगळा प्रवास साफ केलेल्या ऑटोबानवरच असेल तर चालेल. पण त्याच बजेटमध्ये १७ इंची टायर एक पायरी वरच्या दर्जाचा येतो आणि ब्रेक दाबल्यावर तोच उपयोगी पडतो.

आता रिम. गाडीच्या नोंदणीपत्रात टायरचं एकच माप छापलेलं असतं. सगळी मान्य मापं सीओसी नावाच्या कागदात असतात, तो जुन्या मालकाकडून मागून घ्या. बाहेरच्या कंपनीची रिम घेत असाल तर तिच्यासोबत तुमच्या गाडीच्या मॉडेलला लागू असलेली एबीई (जर्मन) किंवा ईसीई (युरोपीय) मान्यता हवी. नुसतं ‘टाइलगुटआख्टेन’ (सुट्या भागाचा तपासणी अहवाल) हातात दिलं, तर टीयूव्हीसारख्या तपासणी संस्थेकडे गाडी नेऊन नोंद करून घ्यावी लागते. ती न करता फिरलात आणि अपघात झाला, तर विमा कंपनीशी वाद आलाच.

पुढची मापं तोंडपाठ ठेवा: पाच बोल्ट ११२ मिलिमीटरच्या वर्तुळावर, मधलं भोक ५७.१ मिलिमीटर, बोल्ट एम१४ गुणिले १.५. ऑडीच्या बऱ्याच नव्या गाड्यांच्या रिमलाही पाच गुणिले ११२ च असतं, पण मधलं भोक साधारण ६६.५ असतं. ती रिम चढते, बोल्टही लागतात, पण ती हबवर (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावर) टेकत नाही. अशा रिमला बरोबर मापाची सेंटरिंग रिंग हवीच, नाहीतर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागतं. रिमवर कोरलेला ईटीचा आकडा कमी झाला की चाक तितके मिलिमीटर बाहेर सरकतं. तो मान्यतेच्या कागदात असेल तोच घ्या.

बोल्टकडे आवर्जून बघा, कारण सर्वात धोकादायक चूक इथे होते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं बूड गोलसर असतं, चेंडूच्या कापासारखं. बाहेरच्या बहुतेक रिमना ६० अंशांचं शंकूसारखं बूड लागतं. गोल बूड शंकूच्या खळग्यात बसवलं तर ते एका बारीक रेषेवर टेकतं. पाना ‘कट्’ करतो, घट्ट झाल्यासारखं वाटतं, आणि शंभर-दोनशे किलोमीटरमध्ये बोल्ट सैल होतो. नवे बोल्ट रिमसोबतच घ्या. जुने फेकू नका, उन्हाळ्यात मूळ चाकांना तेच लागणार.

शेवटी टायरवरचा कोड. आकडा भार सांगतो: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. तुमच्या कागदात असेल त्याहून कमी आकडा घेऊ नका. वेगाचं अक्षर मात्र हिवाळी टायरला गाडीच्या कमाल वेगापेक्षा कमी चालतं. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०. अक्षर असं कमी असेल तर ती वेगमर्यादा लिहिलेलं स्टिकर चालकाच्या नजरेसमोर लावावं लागतं. या गाडीला व्ही घ्या.

प्रश्न (मानहाइम): आमच्याकडे बर्फ वर्षातून दोन-चार दिवस. मग ऑल-सीझन टायरवर बारा महिने का काढू नयेत?

उत्तर: कायद्याने काढता येतात, टायरवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह असेल तर. पण जीटीआय किंवा बीएमडब्ल्यूच्या एम गाडीला आम्ही ते सुचवत नाही. पुण्यात डिसेंबरच्या सकाळी खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं उन्हाळी रबर थंडीत आखडतं. फरक इतकाच की रबराचं आखडणं हळूहळू होतं. सात अंशांचा आकडा लोक सांगतात तो अंदाजाचा आहे, त्या रेषेवर काही बदलत नाही. हिवाळी रबर थंडीत मऊ राहावं म्हणून त्याचं मिश्रणच वेगळं असतं आणि नक्षीच्या ठोकळ्यांत शेकडो बारीक चिरा असतात. ऑल-सीझन दोन्हींच्या मधलं. जुलैत ३५ अंशांत ते उन्हाळी टायरपेक्षा उशिरा थांबतं आणि वळणावर ठोकळे लवचतात. इतके पैसे देऊन घेतलेल्या गाडीचं स्टिअरिंग वर्षातले सात महिने कशाला बोथट करायचं? घरात दुसरी छोटी गाडी असेल तर तिला ऑल-सीझन उत्तम.

ट्रॅकसाठीच्या उन्हाळी टायरबद्दल एक सावधगिरी: कडाक्याच्या थंडीत गाडी नुसती हलवली तरी त्यांच्या रबराला तडे जाऊ शकतात. गाडी उघड्यावर उभी राहत असेल तर थंडी पडण्याआधीच चाकं बदला.

प्रश्न (म्युनिक): पोर्श ७१८ केमनला पुढे २३५/४५ आर१८ आणि मागे २६५/४५ आर१८ आहेत. इंजिनाची ताकद मागच्या चाकांवर जाते, तर मागचेच दोन हिवाळी घेतले तर? किंवा चारही २३५ घेतले तर खर्च वाचेल का?

उत्तर: दोन्ही नको. मागचे दोनच बदलले तर गाडी निघेल झोकात, पण थांबताना आणि वळताना बहुतेक काम पुढची चाकं करतात. बर्फावर तुम्ही स्टिअरिंग वळवाल आणि गाडी सरळ जात राहील. जर्मनीच्या कायद्यालाही कारच्या चारही चाकांना हिवाळी टायर लागतात. हिवाळी (बर्फाळ, निसरड्या) रस्त्यावर चुकीचे टायर सापडले तर ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट, वाहतूक अडवली तर ८०.

मागे २३५/४५ घातला तर चाकाचा व्यास ६९६ वरून ६६९ मिलिमीटरवर येतो, म्हणजे चार टक्क्यांनी कमी. एबीएस आणि घसरण रोखणारी यंत्रणा पुढच्या-मागच्या चाकांच्या वेगाची तुलना करूनच काम करते. तिचा हिशेब बिघडवू नका. हीच दोन मापं हिवाळी टायरमध्येही मिळतात. पोर्शने मान्य केलेल्या टायरच्या भिंतीवर एन आणि एक आकडा असतो, तो शोधा. या मापांत पुढचे-मागचे टायर अदलाबदल करता येत नाहीत आणि मागचे लवकर झिजतात. म्हणून मागची जोडी आधी बदलावी लागेल हे धरून चाला, आणि तेव्हा त्याच मॉडेलचे टायर घ्या.

प्रश्न (माँट्रियल): टोयोटा जीआर८६ घेतली आहे. युरोपातला मित्र त्याच्या ‘अल्पाइन’ टायरची फार स्तुती करतो. इथे तेच घेऊ का? खिळेवाले घ्यावेत का?

उत्तर: मित्राचे टायर मध्य युरोपासाठी आहेत: ओला, थंड, बराचसा उघडा रस्ता आणि ऑटोबानचा वेग. तुमच्याकडे उणे २० अंश आणि चौकाचौकात चोपून गुळगुळीत झालेला बर्फ. तिथे नॉर्डिक धर्तीचा, अतिमऊ रबराचा, बिनखिळ्यांचा टायर हवा. ब्रिजस्टोन ब्लिझॅक, मिशलिन एक्स-आइस, नोकियन हाक्कापेलिट्टा आर ही त्याच जातीची नावं. स्टिअरिंग थोडं ढिलं वाटेल, वेगाचं अक्षरही कमी असेल. चौकात गाडी थांबते याचं मोल त्याहून मोठं आहे. खिळेवाले टायर क्वेबेकमध्ये १५ ऑक्टोबर ते १ मे चालतात, पण सीमेपलीकडे दक्षिण ओंटारिओच्या रहिवाशांना ते बंद आहेत. शहरात राहत असाल तर त्यांची गरज नाही. हिवाळी टायर मात्र १ डिसेंबर ते १५ मार्च सक्तीचेच.

माप: गाडीला २१५/४० आर१८ असतील तर २०५/५५ आर१६ वर या. व्यास ६२९ ऐवजी ६३२, बाजूची भिंत ८६ ऐवजी ११३ मिलिमीटर. अरुंद टायर सैल बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्याच्यावर तरंगतो. ब्रेम्बो कंपनीचे मोठे ब्रेक असतील तर १६ बसत नाही, मग २१५/४५ आर१७ घ्या. तिथेही रिम कॅलिपरला घासत नाही ना, ते एकदा चढवून, हाताने फिरवून बघा. रिमला पाच गुणिले १००, मधलं भोक ५६.१, नट एम१२ गुणिले १.२५.

रिम साधी, पूर्ण रंगवलेली घ्या. तोंडावर धातू चमकता ठेवून वर फक्त पारदर्शक लेप दिलेली रिम रस्त्यावरच्या मिठात टिकत नाही. खडा लागून टिचलेल्या जागेतून मीठ लेपाखाली शिरतं आणि पांढऱ्या केसांसारख्या रेषा पसरत जातात.

प्रश्न (म्युनिक): जुन्या हिवाळी टायरचा सेट स्वस्तात मिळतोय. ऑस्ट्रियात साल्झबुर्गला स्कीइंगला जायचं आहे. काय बघू?

उत्तर: आधी चिन्ह. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसतं एम+एस (‘चिखल आणि बर्फ’ ही जुनी खूण) पुरत नाही, डोंगर-हिमकण हवंच. मग वय: टायरच्या भिंतीवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे, उदाहरणार्थ ३६२१, म्हणजे २०२१ चा ३६ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा सेट आम्ही घेणार नाही, नक्षी कितीही खोल दिसो. नक्षीसाठी दोन युरोचं नाणं खाचेत उभं धरा. बाहेरची चंदेरी कड पूर्ण बुडली तर किमान ४ मिलिमीटर आहेत. जर्मनीत कायद्याला १.६ पुरतात, ऑस्ट्रियात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल हिवाळी रस्त्यावर ४ लागतात, त्याखाली तो टायर हिवाळी धरतच नाहीत. घाटात निळ्या गोलात साखळी बांधलेलं चाक दिसलं तर साखळ्या चढवाव्याच लागतात. मात्र स्पोर्टी गाड्यांच्या रुंद टायरवर साखळीला बऱ्याचदा आत जागाच नसते. कोणत्या मापावर साखळी चालते ते गाडीच्या पुस्तिकेत बघूनच सेट ठरवा.

प्रश्न (स्टुटगार्ट, वरील वाचक): चाकं घरी स्वतः बदलता येतील का?

उत्तर: येतील. जुनं चाक निघालं की हबचा सपाट भाग बघा. तिथे तांबूस गंजाची पापुद्र्यासारखी कड असते. तारेच्या ब्रशने ती खरवडून काढा, नाहीतर चाक केसभर तिरकं बसतं. बोल्टच्या आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने टॉर्कचा हिशेब चुकतो. पाचही बोल्ट आधी हाताने, मग एक सोडून एक असे ताऱ्याच्या क्रमाने घट्ट करा. जॅक उतरवून चाक जमिनीला टेकल्यावर टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटर. टायरवरचा बाण गाडी पुढे जाताना फिरण्याच्या दिशेला हवा.

हवा टायर थंड असताना भरा. दर १० अंश थंडीला दाब साधारण ०.१ बार उतरतो, म्हणून गॅरेजमध्ये भरलेली हवा बाहेर कमीच निघते. पुस्तिकेतल्या आकड्याहून ०.२ बार जास्त ठेवा. तुमच्या गोल्फच्या चाकांत दाबाचे सेन्सर नसतात, ती चाकांच्या फिरण्यावरून अंदाज घेते. त्यामुळे मेन्यूत जाऊन नवा दाब जतन केला नाही तर दिवा उगाच लागेल, किंवा लागायला हवा तेव्हा लागणार नाही. नवे टायर पहिले ३०० किलोमीटर सांभाळून चालवा, आणि ५० किलोमीटरनंतर पाना पुन्हा एकदा प्रत्येक बोल्टला लावा.