वर्षभर झटका नाही, मग रिपोर्ट का बिघडला?

"मॅडम, पसरलं ना आता?" खुर्चीत बसायच्या आधीच आईने मुलाचे दोन ईईजी रिपोर्ट, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदी, माझ्यापुढे ठेवले. सव्वा वर्षापूर्वीच्या रिपोर्टमध्ये मेंदूच्या मागच्या भागात, ऑक्सिपिटलला, उजवीकडे स्पाइक, म्हणजे लहरींत अचानक उठणारी टोकं, होते. नव्यात मागे होतेच, शिवाय पुढच्या भागातही दिसत होते. ते शब्द तिने लाल पेनने अधोरेखित केले होते. मागे उभी असलेली आजी म्हणाली, "पोट्ट्याले वर्षभर काही झालं नाही. मंग कागद काहून बिघडला?"

नागपुरात धंतोलीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत असतो. आजीने मात्र तो नेमका विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

मुलगा साडेचार वर्षांचा असताना मे महिन्यात पहिला झटका आला. झोपून तासभर झाला असेल, तो उठला, उलटी केली, पांढराफटक पडला. नागपूरचा मे, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. कैरीचं पन्हं आणलं, कांदा नाकाशी धरला. तोवर त्याचे डोळे एका बाजूला वळून तिथेच थांबले होते आणि हाक मारली तरी ओ देत नव्हता. शुद्धीवर यायला पाऊण तास लागला. ऑक्टोबरात पुन्हा तसंच झालं, तेव्हा ईईजी निघाला आणि औषध सुरू झालं.

रात्री झोपेत उलटी, पांढरं पडणं, डोळे वळणं, लांबलेला झटका. लहान मुलांच्या या अपस्माराला, म्हणजे एपिलेप्सीला, पूर्वी पॅनायोटोपोलोस सिंड्रोम म्हणत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याच्या नावातच 'सेल्फ-लिमिटेड', म्हणजे आपोआप थांबणारी, हा शब्द आला. साधारण ३ ते ६ वर्षं या वयात तो सुरू होतो. जवळपास पाव मुलांना आयुष्यात एकच झटका येतो. बहुतेकांचे झटके सुरुवातीपासून एक-दोन वर्षांत थांबतात.

आईला हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. पण तिच्या हातात होता कागद, आणि कागदाची भीती शब्दांनी जात नाही. म्हणून मी तो रिपोर्टच तिच्यासोबत ओळीने वाचला. या आजारात स्पाइक एका जागी राहत नाहीत. वय वाढतं तसे ते मागून मधे, पुढे सरकलेले दिसू शकतात, झोपेत वाढतात, काही मुलांत डोळे मिटले की येतात आणि उघडून नजर स्थिरावली की थांबतात. झटके बंद झाल्यावरही काही वर्षं ते कागदावर उमटत राहू शकतात. स्पाइक किती आणि कुठे, यावरून पुढे किती झटके येतील ते सांगता येत नाही. पुढे दिसले म्हणजे आजार पसरला, असं नाही.

मग तिला वरची एक ओळ दाखवली, जिच्याखाली तिने रेघ मारली नव्हती: 'बॅकग्राउंड वयानुरूप'. या आजारात मेंदूची मूळ लय सहसा चांगली असते. ती मंदावली असती, मुलगा बोलण्यात किंवा अभ्यासात मागे पडू लागला असता, किंवा झटक्यांचं रूप बदललं असतं, तर आमच्या डॉक्टरांनी वेगळा विचार केला असता. मुलाबद्दल विचारलं तर आजीनेच सांगितलं, सायकल शिकला, पहिलीचं पुस्तक वाचतो, बहिणीशी भांडतो.

केवळ मनाच्या समाधानासाठी पुन्हा काढलेला ईईजी समाधान देत नाही, असं माझं ठाम मत आहे. हा रिपोर्टही घरच्यांच्या आग्रहावरूनच निघाला होता.

पण सगळ्यांना मी हेच सांगत नाही. आठ-नऊ वर्षांचं मूल दिवसा काही सेकंद ते एक-दोन मिनिटं रंगीत गोळे दिसतात म्हणतं, मग डोकं दुखतं, आणि घरात मायग्रेन समजून वर्ष जातं. तीही ऑक्सिपिटल एपिलेप्सीच, गॅस्टॉ प्रकारची. निम्म्याहून अधिक मुलांत तीही थांबते, पण तिला बहुधा औषध लागतं आणि भरवसा तितका देता येत नाही.

आईचा शेवटचा प्रश्न हळू आवाजात आला. "तो पाऊण तासाचा झटका... मेंदूला काही झालं असेल?" या आजारात लांबलेल्या झटक्यानंतरही मुलं सहसा पूर्ववत होतात, हे मी सांगितलं. तरी पाच मिनिटांवर गेला तर थांबायचं नाही: कुशीवर वळवायचं, घड्याळ पाहायचं, तोंडात चमचा-पाणी काही नाही, डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्प्रे मारायचा आणि दवाखाना गाठायचा. कांदा आजीने स्वतःच बाद केला.

औषध कमी करायचं की नाही हा निर्णय माझा नाही. त्याच दुपारी डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पाहिले, मुलाला तपासलं आणि ठरलेल्या वेळीच डोस हळूहळू उतरवायचं सांगितलं. स्वतःहून एकदम बंद करायचं नाही, हे दोनदा बजावलं.

महिन्याने आईचा फोन आला. लाल रेघांचा रिपोर्ट फाइलमध्ये गेलाय. रात्री मात्र ती अजून त्याच्या छातीवर हात ठेवूनच झोपते. मी तिला तो हात काढायला सांगितलं नाही.