सेल लागलाय, काय घेऊ आणि काय सोडू? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

चवथ आटोपली की सगळ्यांचं लक्ष दसरा-दिवाळीच्या ऑनलाइन सेलकडे लागतं, आणि या वेळी आलेल्या मेलमध्ये निम्म्याहून जास्त प्रश्न त्याचेच आहेत. चादरी, सनस्क्रीन, साड्या, चपला, अगदी समईसुद्धा. जेवढी उत्तरं या पानात बसली तेवढी देतेय.

प्रश्न: ताई, कुर्त्यावर 75 टक्के सूट दाखवतात, आणि शेजारी घड्याळ उलटं पळत असतं. खरंच एवढं स्वस्त असतं का हो? (एक वाचक, वाळपई)

सूट कशावर मोजलीय ते आधी बघा. ती एमआरपीवर मोजलेली असते आणि एमआरपी कंपनीच ठरवते, सरकार नाही. कायदा एवढंच म्हणतो की त्याच्यापेक्षा जास्त भावाने विकायचं नाही. त्यामुळे 2,999 छापून वर्षभर 799 ला विकला जाणारा कुर्ता सेलमध्ये 749 ला मिळाला तर तुमचे वाचले 50 रुपये, दोन हजार नाही. म्हणून जे घ्यायचंय ते महिनाभर आधी कार्टमध्ये किंवा विशलिस्टमध्ये टाकून किंमत वहीत लिहून ठेवा, किंवा कीपासारख्या साइटवर जुन्या किमतींचा आलेख बघा, तिथे दोन मिनिटांत कळतं की हा भाव खरंच खाली आलाय की सेलच्या आधी वर नेऊन परत खाली आणलाय.

घड्याळाचं म्हणाल तर खोटी घाई लावणं, तुम्ही न टाकलेली वस्तू किंवा देणगी गुपचूप कार्टमध्ये घालणं, शेवटच्या पानावर नवीन चार्ज लावणं, हे सगळं केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 च्या नियमावलीत डार्क पॅटर्न म्हणून बंद केलंय, असे 13 प्रकार त्यात आहेत. तरी पैसे भरायच्या आधी बिलाची प्रत्येक ओळ वाचा. आणि बँक कार्डावर 10 टक्के म्हणतात तिथे खाली बारीक अक्षरात कमाल किती ते लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय मोठी खरेदी करू नका.

प्रश्न: सनस्क्रीन आणि सीरम सेलमध्ये भरून ठेवले तर चालतात का? तीनवर तीन फ्री आहे. मुलगी म्हणते घे, मला धाकधूक वाटते. (एक वाचक, म्हापसा)

तुमची धाकधूक बरोबर आहे. सनस्क्रीन घ्यायला हरकत नाही कारण ते रोज लागतं, आपल्याकडे तर पावसातसुद्धा. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून लावलं तर 50 ग्रॅमची ट्यूब साधारण दीड महिना जाते, म्हणजे घरात दोघी लावणाऱ्या असतील तर सहा ट्यूब पाच महिन्यांत संपतात. पण एकटीच लावणार असाल तर नऊ महिने. तेवढे दिवस एक्सपायरीत उरलेत का हा पहिला प्रश्न, आणि सेलमध्ये नेमका एक्सपायरी जवळ आलेला माल बाहेर काढलेला असू शकतो. पार्सल आलं की सगळ्यात आधी तारीख बघा, मग बाकीचं. गाडीच्या डॅशबोर्डवर ट्यूब ठेवू नका, उन्हात ती बिघडते.

सीरमचं वेगळं आहे, विशेषतः व्हिटॅमिन सीचं. ते हवा, ऊन आणि उष्णतेने खराब होतं, पाण्यासारखं असलेलं पिवळं आणि मग तपकिरी होत जातं. एका वेळी एकच बाटली घ्या, तीसुद्धा गडद काचेची. डब्यावर उघड्या झाकणाच्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात 6एम किंवा 12एम लिहिलेलं असतं, म्हणजे उघडल्यावर तेवढे महिने. हे चित्र आमच्या मैत्रिणींपैकीही फार कमी जणी बघतात, आणि तीन फ्रीचा खरा हिशोब तिथेच लागतो.

आता भावाचं. छोटी बाटली स्वस्त दिसते म्हणून घेतली जाते. धरून चला, 15 मिली 249 ला आणि 30 मिली 359 ला आहे, तर पहिली साडेसोळा रुपये मिली पडली आणि दुसरी बारा. पाकिटावर प्रति मिली किंवा प्रति ग्रॅम किंमत छापलेली असते, तीच ताडून बघा. पण एखादी गोष्ट आपल्याला मानवते की नाही हेच माहीत नसेल तर छोटीच घ्या, तिथे मिलीमागे जास्तीचे साडेचार रुपये वाया जात नाहीत.

परदेशी ब्रँडचं काही घेताना वेष्टनावर आयात करणाऱ्याचं नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक आहे का बघा, 2020 च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे तो असायलाच हवा. नसेल तर माल कुठून आला सांगता येत नाही, तो चेहऱ्याला लावू नका. विक्रेता कोण तेही बघा, ब्रँडचं स्वतःचं दुकान असेल तर उत्तम. लिपस्टिक, क्रीम बहुतेक ठिकाणी परत घेत नाहीत, त्यामुळे शेड आधी दुकानात हातावर लावून बघितलेली असली तर बरं. आणि एक, ब्युटीसाठी दिवाळी सेलमध्ये फारसं काही हाती नाही लागलं तर थांबा, नायका या ब्युटी साइटचा पिंक फ्रायडे सेल नोव्हेंबरमध्ये असतो.

प्रश्न: तीन चादरींचा सेट 899 ला घेतला, लिहिलं होतं ग्लेस कॉटन. पण रात्रभर घाम येतो आणि चादर गादीवरून सुटते. टॉवेल पण घ्यायचेत, परत तसंच होईल का? (एक वाचक, फोंडा)

ग्लेस कॉटन नावाने जे विकलं जातं ते बहुतेक वेळा पॉलिस्टर मायक्रोफायबर असतं. रंग छान, सुरकुती पडत नाही, पटकन वाळतं, पण आपल्या दमट हवेत त्याच्यावर झोपवत नाही. कॉटन फील, कॉटन रिच, कॉटन ब्लेंड, यातला एकही शब्द शुद्ध सुती म्हणत नाही. खाली मटेरियलच्या रकान्यात 100 टक्के कॉटन लिहिलंय का एवढंच बघायचं. घरी आल्यावर कडेचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळून बघा, सूत असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. थ्रेड काउंट, म्हणजे एका चौरस इंचातले धागे, 200 ते 300 असला की पुरे, हजाराच्या आकड्यामागे लागू नका, तिथे पदरी धाग्याचा प्रत्येक पदर वेगळा मोजून आकडा फुगवलेला असू शकतो.

चादर सुटते ती मापामुळे. सहा बाय साडेसहा फुटांची गादी आठ इंच जाड असेल तर रुंदीला 72 अधिक दोन्ही बाजूंचे 16, म्हणजे 88 इंच नुसतं झाकायलाच लागतात. 90 बाय 100 ची चादर घेतली तर खाली खोचायला एकेक इंच उरतो, आणि सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटू शकतं, मग तोही गेला. 108 बाय 108 घ्या. लिस्टिंगमध्ये नुसतं डबल किंवा किंग लिहिलेलं असेल तर विसंबू नका, इंच वाचा.

टॉवेलला जीएसएम बघतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन. दुकानदार सांगतात 600 चा घ्या, जाड मऊ असतो. असतो खरा, पण जून ते सप्टेंबर गोव्यात तो वाळत नाही, दुसऱ्या दिवशी कुबट वास मारतो. आपल्याला 350 ते 450 चाच बरा. आणि आलेला माल खरा आहे का हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. 75 बाय 150 सेंटीमीटरचा 400 जीएसएम टॉवेल 450 ग्रॅमच्या आसपास भरायला हवा. 300 भरला तर फोटो काढा आणि परत पाठवा.

याच हवेमुळे सेलमधली स्वस्त कपाटं आणि शू रॅकसुद्धा जपून घ्या. पार्टिकल बोर्डाच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, कडा पट्टीने नीट बंद नसतील तर ओल आत शिरते, बोर्ड फुगतो, स्क्रू सुटतात, आणि एकदा फुगलेला परत बसत नाही.

प्रश्न: बॅग आणि बूट पुढच्या पावसानंतर घालीन म्हणून आताच घेऊन ठेवू का? (एक वाचक, पेडणे)

नको. पीयू लेदरची, म्हणजे कृत्रिम चामड्याची बॅग आणि पीयू सोलचे बूट नुसते कपाटात ठेवले तरी दमट हवेने कमकुवत होतात, बॅगेचे पापुद्रे निघतात आणि सोलचा भुगा होतो. ईव्हीए (हलका फोमसारखा) किंवा रबर सोल घ्या, तेही लगेच वापरायचे असतील तरच.

प्रश्न: लेकीच्या पहिल्या दिवाळीला सिल्कची साडी पाठवायचीय. ऑनलाइन 1,200 ला मिळते, घेऊ? (एक वाचक, डिचोली)

1,200 मध्ये शुद्ध रेशमाची साडी नाही मिळत हो. आर्ट सिल्क लिहिलेलं असतं तो कृत्रिम धागा, रेयॉन किंवा पॉलिस्टर. तशी साडी रोज नेसायला वाईट नाही, पण तिचा भाव रेशमाचा देऊ नका आणि लेकीला रेशीम म्हणून देऊ नका. खऱ्या रेशमाला सिल्क मार्कचं लेबल मागा, हातमागाला हँडलूम मार्क. आणि पहिल्या दिवाळीची साडी असेल तर माझं मत विचाराल तर मडगावला किंवा पणजीला दुकानात बसून, पदर हातात घेऊनच घ्या, ब्लाउज पीस, पेटीकोट, नाइटी हे सेलमधून मागवा.

प्रश्न: नो कॉस्ट ईएमआय खरंच फुकट असतो का? (एक वाचक, वास्को)

पूर्ण फुकट नाही. व्याजाएवढी सूट आधी देतात आणि मग बँक व्याज लावते, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुम्हीच भरता, वर प्रोसेसिंग फी असते. फ्रिजसाठी ठीक, कुर्त्यांसाठी कशाला?

प्रश्न: मागवला मिक्सर, आला तुटका. चॅटवर कोणी दाद देत नाही. (एक वाचक, काणकोण)

पार्सल फोडतानाचा व्हिडिओ असेल तर हातात मोठा पुरावा आहे, नसेल तर आहे त्या स्थितीत लेबलसकट फोटो काढा. मग चॅट सोडा आणि साइटवर तळाला ग्रीव्हन्स ऑफिसरचा, म्हणजे तक्रार अधिकाऱ्याचा मेल असतो तिथे लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्यांनी 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. नाहीच झालं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा, तो नंबर काढून ठेवाच, आणि शेवटी ग्राहक आयोग आहे, तिथे 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. पण सेलच्या नावाने व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवर पैसे गेले असतील तर 1915 नाही, लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा, तिथे जेवढा उशीर तेवढे पैसे हातचे जातात.

काणकोणसारख्या ठिकाणी आणखी एक बघा. ऑर्डरच्या आधी आपला 403 ने सुरू होणारा पिनकोड टाकून डिलिव्हरीबरोबर रिटर्न पिकअप आहे का तपासा. काही गावांत वस्तू पोचवतात पण परत न्यायला येत नाहीत, मग मिक्सर स्वतः पोस्टाने पाठवायची वेळ येते.

प्रश्न: पितळेची समई ऑनलाइन निम्म्या भावात दिसतेय. घेऊ का? (एक वाचक, साखळी)

लिस्टिंगमध्ये वजन किती ग्रॅम लिहिलंय ते आधी बघा. ब्रास फिनिश असा शब्द असेल तर ती बहुतेक पितळेची नसते, वर मुलामा असतो, आणि वजन लिहिलंच नसेल तर तोच संशय धरा. वजन असेल तर किलोचा भाव काढा आणि साखळीच्या किंवा म्हापशाच्या भांड्यांच्या दुकानात किलोचा भाव विचारा, तिथे समई तोलूनच देतात. आलेल्या समईला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे, त्याच दिवशी परत करा. दोन्ही भाव सारखे निघाले तर दुकानातूनच घ्या, पुढे डाग द्यायचा झाला किंवा वातीची जागा सैल झाली तर तोच माणूस नीट करून देईल.