७० प्रूफ आणि ८० प्रूफ : आकडा नेमका कोणत्या मापातला?

प्रूफ हे मद्याची तीव्रता, म्हणजे त्यातले अल्कोहोलचे प्रमाण, सांगणारे माप आहे. जुन्या ब्रिटिश बाटलीवर ७० प्रूफ आणि अमेरिकी बाटलीवर ८० प्रूफ छापलेले असल्यास दुसरे मद्य अधिक तीव्र समजावे का, असे आपण विचारले आहे. तसे नाही. दोन्हींत आकारमानाने ४० टक्केच अल्कोहोल आहे. मापे तेवढी निराळी आहेत.

अमेरिकी प्रूफ म्हणजे टक्केवारीची दुप्पट, इतका तो हिशेब सोपा आहे. ब्रिटिश प्रूफ मात्र करआकारणीच्या गरजेतून घडले. ५१ अंश फॅरनहाइट तापमानाला ज्या मद्याचे वजन तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या १२/१३ भरते, ते १०० प्रूफ, अशी त्याची व्याख्या होती आणि त्यात अल्कोहोल सुमारे ५७.१ टक्के असते. भारतीय बाटल्यांवरील ४२.८ टक्के हा वरवर विचित्र वाटणारा आकडाही त्याच मापातल्या ७५ प्रूफचा आहे.

आजच्या लेबलावरील टक्केवारी आकारमानाची असते, वजनाची नव्हे, हे मी आवर्जून सांगेन, कारण सर्वाधिक घोटाळा इथेच होतो. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने आकारमानाने ४० टक्के असलेले मद्य वजनाने जेमतेम ३३ टक्के भरते. शिवाय ५० मिली शुद्ध अल्कोहोल आणि ५० मिली पाणी एकत्र केल्यास १०० मिली होत नाही, सुमारे ९६ ते ९७ मिलीच भरते. म्हणून तीव्र मद्यात पाणी घालून ते ठरावीक टक्क्यांवर आणताना नुसती बेरीज-वजाबाकी पुरत नाही, तक्ते वापरावे लागतात.

तीव्रता मोजण्यासाठी मद्यात तरंगत ठेवतात तो काचेचा हायड्रोमीटर मुळात घनता मोजतो. मद्य जितके तीव्र, तितकी त्याची काचनळी खोल बुडते. मद्य कोमट असले तरीही ती अधिक बुडते आणि तीव्रता आहे त्यापेक्षा जास्त दिसते, म्हणून वाचन तापमानानुसार दुरुस्त करून घ्यावे. पुष्कळ देशांत त्यासाठी २० अंश सेल्सिअस हे प्रमाण आहे. साखर घातलेल्या लिकरमध्ये नेमके उलटे होते : साखरेने घनता वाढते, नळी वर राहते आणि तीव्रता कमी दिसते. अशा मद्याचा नमुना आधी ऊर्ध्वपातित करून, म्हणजे त्याची वाफ थंड करून साखरेपासून वेगळा काढून, मगच मोजणे योग्य ठरते.

प्रत्यक्ष पोटात किती अल्कोहोल जाते हे काढायचे असल्यास प्रूफ बाजूला ठेवून मिलीलिटरला टक्केवारीने (४० टक्के म्हणजे ०.४०) आणि अल्कोहोलच्या घनतेने, म्हणजे ०.७८९ ने, गुणावे : ४० टक्क्यांच्या ३० मिलीमध्ये सुमारे साडेनऊ ग्रॅम, तर ५७ टक्क्यांच्या तेवढ्याच मापात साडेतेरा ग्रॅम अल्कोहोल असते.