तलावावरचे काळे ठिपके

डिसेंबरात सकाळी अकराला सिंधुदुर्गातल्या पाट गावच्या तलावावर गेलात, नवी १२ बाय ५०ची (म्हणजे १२ पट मोठं दाखवणारी) दुर्बीण, आणि दिसले ते नुसते काळे ठिपके. दुर्बीण बदलू का, असं विचारलंय तुम्ही.

बदलायचीच असेल तर खालच्या नंबरची घ्या. १२ पटीत पक्ष्यासोबत हाताची थरथरही तेवढीच मोठी होते. ८ बाय ४२ पुरे. पण त्याआधी काठ बदला. उन्हाकडे तोंड करून पाहिलं तर मोरसुद्धा काळाच दिसणार. सकाळी पूर्वेच्या काठावर बसा, ऊन पाठीवर घ्या.

मग रंग सोडा, वागणं बघा. काठाशी माना आखडून गप्प बसलेला थवा अडई बदकांचा. त्या रात्री चरतात, दिवसा झोपा काढतात. उडाल्या की शिट्टी वाजवतात, चुकायची सोयच नाही. कपाळावर पांढरा टिळा लावलेला काळा पक्षी म्हणजे वारकरी; उडायच्या आधी पाण्यावर धावत सुटतो. अंग पाण्यात बुडालेलं आणि नुसती मान वर, तो पाणकावळा. मुठीएवढी टिबुकली बुडी मारून भलतीकडेच निघते.

कमळपक्ष्याने मला पहिल्या वर्षी चांगलंच बनवलं. पुस्तकातली ती लांब शेपटी शोधत बसलो, आणि समोरच्या तपकिरी पाठीच्या, पांढऱ्या पोटाच्या पक्ष्याला तासभर तुतारी (पाणकाठचा एक छोटा पक्षी) समजत राहिलो. शेपटी विणीच्या हंगामापुरती, पावसाळ्यातली. हिवाळ्यात ती नसते. शेवटी तो पानावर चढला. पान जरासं दबलं, कडेने पाणी आत आलं, आणि पसरलेली ती लांबच लांब बोटं दिसली. मग डोळ्यापासून मानेवरून छातीवर उतरलेली काळी रेघही दिसली. इतका वेळ ती समोरच होती!

उजनी धरणावर दिसतात तसे रोहित (फ्लेमिंगो) पाटला शोधू नका. त्यांना उथळ, चिखलाचं पसरट पाणी लागतं. धामापूरला जाणार असाल तर बदकांच्या आशेने नको. १५३० सालचा तो तलाव खोल आहे, भोवती डोंगर आणि झाडी. तिथे दुर्बीण पाण्यापेक्षा झाडांवर लावा. भगवतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसलात तर धनेश (हॉर्नबिल) दिसायची शक्यता आहे.

आणि हो, फोटोसाठी थव्याच्या दिशेने चालत जाऊ नका. दिवसभराची झोप मोडली की सगळे उठून पलीकडच्या काठावर जातात, तुमच्या मागून येणाऱ्याला पुन्हा ठिपकेच.

पाटला परत जाल तेव्हा संध्याकाळी जा आणि सूर्य बुडाल्यावर लगेच निघू नका. अंधार पडता पडता अडई शिट्ट्या मारत डोक्यावरून वायंगणाच्या कुणग्यांकडे, म्हणजे उन्हाळी भाताच्या वाफ्यांकडे जातात. तेव्हा दुर्बीण गळ्यातच राहू द्या, कान पुरतात.